वीटभट्टीच्या तळ्यावरचे रविवार

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, आमच्या इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरीनं मला लॅबमधून बोलावून घेतलं. नेकारसुल्महून फोन होता. भिकाजी तांडेल जिथे भाड्यानं राहायचा त्या घराच्या मालकीणबाई, फ्राउ आइश्लर, पलीकडून बोलत होत्या. "हेर तांडेल उठत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "खुर्चीतच बसलेत. चहा समोर आहे. मी तीनदा हाक मारली…" मी विचारलं, डॉक्टरांना बोलावलंत का? "हो, हो, डॉक्टर येऊन गेले," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला, लॅबमध्ये परत गेलो आणि चालू असलेला प्रयोग पूर्ण केला. तसं का केलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

या पुरवणीच्या वाचकांपैकी भिकाजी तांडेलला कुणी ओळखत असण्याची शक्यता नाही. तो कुणी मोठा माणूस नव्हता. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला, होडीवर वाढलेला गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीतला. वडिलांच्या शिडाच्या होडीला डिझेल इंजिन बसवायचं, एवढा एकच ध्यास घेऊन तो दोन वर्षांच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीत आला. मोटारींच्या कारखान्यात लागला. मागे बायको यशोदा आणि तीन वर्षांची मुलगी सुलभा. दोन वर्षांची आठ झाली, आणि घरी जायचं ते राहूनच गेलं. कसं राहिलं ते मला माहीत आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

आमची ओळख फ्रँकफर्टला झाली, कुणाच्या तरी घरच्या दिवाळीच्या फराळाला. मी तेव्हा कार्ल्सरूहेला तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होतो. म्हणजे करतो आहे असं पुण्याला कळवत होतो. चिवडा खाता खाता त्यानं मला विचारलं, "रविवारी काय करतंस?" मी म्हटलं, "काही नाही." हे उत्तर शब्दशः खरं होतं. जर्मनीत रविवारी सगळं बंद, रस्त्यात माणूस नाही, आणि भाड्याच्या खोलीत मोठ्यानं खोकलं तरी मालकीण दारावर टकटक करायची. भिकाजी म्हणाला, "मग गरवूक येतंस?" गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. मी पुण्याचा, सदाशिव पेठेतला, माशाचा वास आला तर रस्ता बदलणारा. पण दुसरा रविवार तसाच काढायची कल्पनाच सोसवेना. हो म्हणालो.

तो त्याच्या बाजूनं गाडीनं यायचा, मी माझ्या बाजूनं, आणि मधल्या एका बारक्या स्टेशनावर भेटून आम्ही अर्धा तास चालत तळ्यावर जायचो. तळं कसलं, वीटभट्टीसाठी माती काढून काढून झालेला खड्डा. भट्टी बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि मालकानं, हेर होल्त्स त्याचं नाव, त्यात मासे सोडून दिवसाच्या तिकिटावर लोकांना बसू द्यायला सुरुवात केली. दर शुक्रवारी ट्रकमधून पिंपं यायची, त्यातून कार्प नावाचे जाडजूड, चिखलात राहणारे मासे तळ्यात ओतले जायचे आणि रविवारी आमच्यासारखे तीसेक जण काठाला घडीच्या खुर्च्या टाकून त्यांची वाट बघायचे. भिकाजीला पहिल्या दिवशी हसू आवरेना. "डाक्टरा," तो म्हणाला (मी डॉक्टर व्हायच्या पाच वर्षं आधीपासून तो मला डाक्टर म्हणायचा), "शुक्रवारी सोडूचे आणि आयतवारी धरूचे! ह्येका गरवणा म्हणत नाय, ह्येका बाजार म्हणतत." पण हसत हसत त्यानं उकडलेल्या बटाट्याचा तुकडा गळाला असा काही लावला, की शेजारचे म्हातारे खुर्च्या सरकवून बघायला लागले. बटाटे उकडणं हे माझं काम. सोवळ्यातलं तेवढंच मला झेपत होतं.

तळ्याचा एक नियम होता. लागलेला मासा परत सोडायचा नाही. लाकडी दांडक्यानं डोक्यात एक घाव घालायचा आणि घरी न्यायचा. भिकाजी ते काम इतक्या चटकन करायचा की मला तोंड फिरवायलाही वेळ मिळायचा नाही. मग खोलीवर नेऊन यशोदावहिनींनी पाठवलेली आमसुलं टाकून तो त्याचं कालवण करायचा. "चिखलाचो वास येता," दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी पातेलं पुसून खायचा. मी शेजारी बसून वरणभात खायचो.

जून उजाडला की मात्र तो गळाला हात लावत नसे. पोटात गाबोळी असताना, म्हणजे मासळी अंड्यांवर असताना, ती धरायची नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायच्या, हे त्याच्या अंगातच होतं. हेर होल्त्सनं त्याला परोपरीनं समजावलं, की बाबा, हे मासे पिंपातून येतात, यांची अंडी, पिल्लं, काही नसतं इथे. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत भिकाजी मान डोलवायचा आणि नुसता बसून राहायचा. तिकीट मात्र काढायचा. त्या अडीच महिन्यांत गळ माझ्या हातात. एका जुलैत चुकून मला मासा लागला, चांगला हातभर. तो काठावर तडफडतोय, मी दांडकं घेऊन उभा, मला मारवत नाही, भिकाजी हात लावायला तयार नाही. सगळं तळं आमच्याकडे बघतंय. शेवटी हेर होल्त्सच शिव्या घालत आला आणि त्यानं काम उरकलं. मासा फ्राउ आइश्लरना गेला. पौर्णिमेला मी फ्रँकफर्टच्या एका मोठ्या दुकानातून नारळ पैदा केला होता. भिकाजीनं त्याला कुंकू लावलं, बूट काढून गुडघाभर पाण्यात उतरला आणि तो सोडला. हे काय, म्हणून हेर होल्त्सनं विचारलं. समुद्राला नारळ द्यायचा असतो, एवढं मी जर्मनमध्ये सांगितलं. "अहो, पण हा समुद्र नाही," तो म्हणाला. भिकाजी म्हणाला, "वासर इस्ट वासर." पाणी ते पाणीच. परतताना, स्टेशनवर गाडी आल्यावर तो म्हणाला, "फुडच्या पुनवेक मी घराक आसतलंय."

हे तो दर वर्षी म्हणायचा, आणि सुरुवातीची वर्षं त्यात तथ्यही होतं. चौथ्या वर्षी तर सगळं ठरलं होतं. बोटीची चौकशी झाली होती. वडिलांचं पत्र आलं होतं की होडीचं लाकूड अजून मजबूत आहे, इंजिन पेलेल. आणि त्याच सुमारास कारखान्यातल्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. लहानपणी कधी तरी ताप येऊन गेला होता, त्यानं हृदयाची एक झडप खराब झाली होती. ती नीट मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, जायचं असेल तर आत्ताच प्रवास झेपेल, पुढचं सांगता येत नाही.

त्या रविवारी तळ्यावर त्यानं मला हे सगळं सांगितलं. ऑक्टोबर असावा, थंडी पडायला लागली होती. सांगून झाल्यावर गळ ओढून घेतला. मग म्हणाला, "डाक्टरा, मी जांव काय घराक? का परीक्षा दिवन जांव?" माइस्टरची परीक्षा सहा महिन्यांवर आली होती. ती पास झाला असता तर कुशल कारागिराचा कागद हातात पडला असता.

आता मी काय केलं ते सांगतो. माझा डॉक्टरेटचा विषय होता नळांमधल्या झडपा. पाण्याच्या दाबाखाली झडप कशी गळते, किती गळते, किती दिवस टिकते. अडीच वर्षं मी त्यात बुडालेलो होतो आणि त्याबद्दल मला कुणी विचारत नव्हतं. इथे एक माणूस झडपेबद्दल विचारत होता! मी बटाट्यांची कागदी पिशवी फाडली, मांडीवर सरळ केली आणि पेन्सिलीनं आकृती काढली. ही झडप, हा दाब, ही गळती. गळकी झडप म्हणजे बंद पडलेली झडप नव्हे, मी म्हटलं. दाब फार वाढू दिला नाही तर अशी झडप वर्षानुवर्षं काम देते, माझ्याकडे आकडे आहेत. तू धावपळ करू नकोस, ओझी उचलू नकोस, परीक्षा दे आणि मग ऐटीत जा. रिकाम्या हातानं जाऊन होडीवर काय करणार आहेस? भिकाजी यंत्रांतला माणूस. डॉक्टरांचं बोलणं त्याला कळलं नव्हतं, माझी आकृती कळली. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे चलतली अजून," म्हणाला. मी म्हटलं, "सहज." "तू शिकलेलो माणूस," तो म्हणाला. "तू सांगतंस तां बरोबरच आसतला." आणि पिशवीचा तो कागद घडी करून खिशात ठेवला.

माझी चूक अज्ञानाची होती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. हृदय म्हणजे नळ नव्हे एवढं मॅट्रिकच्या पोरालाही कळतं. मला ते तेव्हाही, पेन्सील चालत असतानाही, कळत होतं. पण भिकाजी गेला की रविवारी मी कुठे जाणार होतो? माझा प्रबंध अडला होता, घरून पत्रांत लग्नाची घाई चालली होती, आणि सबंध आठवड्यात मराठी बोलायला मला तो एकटाच होता. मला तो हवा होता. म्हणून मी त्याला थांबवलं… चार वर्षं उलटली, तरी हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

परीक्षा तो पास झाला. पण त्या हिवाळ्यातच पायांना सूज आली होती, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मग पुढच्या वर्षी बघू झालं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. कारखान्यानं त्याला बसून करायचं काम दिलं. आमचे रविवार चालू राहिले, फक्त स्टेशनपासूनचं अर्ध्या तासाचं चालणं आधी पाऊण तासाचं झालं, मग तासाचं, आणि शेवटच्या वर्षी हेर होल्त्स स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर यायचा. भिकाजीनं मला एका शब्दानंही कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाला, "तुझी झडप बरीच चलली रे." थट्टेत म्हणाला, की कसं, ते मला ठरवता आलेलं नाही.

हाइलब्रोनला त्याचं दहन झालं. आम्ही चौघे होतो: मी, फ्राउ आइश्लर, हेर होल्त्स आणि कारखान्यातला एक फोरमन. अस्थी हातात देत नाहीत. त्या एका दफनभूमीतून दुसऱ्या दफनभूमीतच पाठवता येतात, असा इथला कायदा आहे. फॉर्मवर कुठल्या दफनभूमीत ते लिहायचं होतं. मी समुद्राचं नाव लिहिलं. कचेरीतल्या गृहस्थानं ते वाचलं, सभ्यपणे खोडलं आणि फॉर्म परत दिला. कलश अजून तिथेच आहे. तो कसा सुटेल ते मला समजत नाही, आणि सुटेल असं वाटतही नाही.

दोन आठवड्यांपूर्वी यशोदावहिनींचं पत्र आलं. गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. त्यात रडणं नाही, तक्रार नाही. फक्त एकच विचारलं आहे, की त्यांना दुखण्याचं आधी कळलं नव्हतं का? कळलं असतं तर ते आलेच असते, असंही पुढे आहे. या पत्राला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. तीनदा बसलो, तिन्ही वेळा तारखेच्या पुढे गेलो नाही.

परवा फ्राउ आइश्लरनी खोली रिकामी करायला बोलावलं. सामान फार नव्हतं. कपाटातला खालचा खण उघडला तर त्यात मुलीचे फ्रॉक. सात. एकावर एक, इस्त्री केलेले, प्रत्येकाला टाचणीनं एकेक दोरा टाचलेला. आधी कळेना. मग लक्षात आलं की वहिनी दर वर्षी पाकिटातून सुलभाच्या मापाचा दोरा पाठवत असणार, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा, आणि हा दर वर्षी, आता जायचंच म्हणून, त्या मापाचा फ्रॉक आणून ठेवत असणार. मला कधी बोलला नाही. पाच वर्षांच्या मुलीचा सगळ्यात खाली, अकराचा सगळ्यात वर. मी ते त्याच्या पलंगावर ओळीनं मांडले. तिसरा निळा होता, पांढऱ्या कॉलरचा, सुलभा सात वर्षांची होती तेव्हाचा. म्हणजे मी पिशवी फाडली त्या वर्षीचा. त्याची टाचणी काढली आणि दोरा फ्रॉकवर धरून पाहिला. माप अगदी बरोबर होतं. त्या वर्षी तो तिला नीट बसला असता.