बिलावर फोटोग्राफर लिहा

सुहासिनीमावशी समोरच्याला खुर्चीत बसवते, लाकडी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढते आणि म्हणते, "श्वास घ्या. धरा. हलू नका." वाकोल्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेकांनी या हुकमावर श्वास धरलेला आहे. ती "सोडा" म्हणेपर्यंत कुणाची हलायची हिंमत होत नाही.

महापालिकेच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात तिची सगळी नोकरी सरली. फिल्मवर पेशंटचं नाव असायचं, रिपोर्टखाली डॉक्टरांची सही. काढणारीचं नाव लिहायला कुठे जागाच नव्हती. ती निवृत्त झाली तेव्हा कुर्ल्यातला एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून तिने हा कॅमेरा उचलला. घरच्यांना वाटलं, शोभेला ठेवेल. तिने पहिल्याच आठवड्यात, फोटो धुवायला अंधार हवा म्हणून, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवला.

अडचण फिल्मची होती. ती परदेशातून येते. दुकानात विचारलं की कधी "स्टॉक नाही", कधी "पुढच्या महिन्यात बघा", आणि आलीच तर एका फोटोच्या फिल्मच्या किमतीत घरात दोन दिवसांचे मासे येतील. हे तिने दुकानदाराला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मग मोबाइलवर काढा ना." ती पुन्हा त्या दुकानात गेली नाही.

ती आपल्या जुन्या ओळखीकडे वळली. एक्स-रेची फिल्म परदेशी फिल्मच्या मानाने फारच स्वस्त. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून न्हाणीघरात लाल दिवा लावून मावशी मोठी फिल्म मापाने कापते. पण त्यामुळेच या फिल्मवर ओठ काळे येतात, गालावरचे वांग वर येतात, डोळ्यांखालचं सगळं जागरण दिसतं. खालच्या मजल्यावरची सपना फोटो बघून म्हणाली, "मावशी, म्हातारी केलीस गं मला."

"मी नाय केली," मावशी म्हणाली. "होतीस तशी आलीस."

ही फिल्म तिला एका जुन्या सहकाऱ्याच्या क्लिनिकमधून मिळायची. या वर्षी त्यानेही सगळं कॉम्प्युटरवर नेलं. डब्यात थोडीच फिल्म उरली, तेव्हा मावशी मुलाला, सुयोगला घेऊन घाटकोपरला निघाली. तिथे एक्स-रेच्या सामानाचं एक घाऊक दुकान होतं.

दुकानाचा मालक धवल तिशीचा असेल. त्याने विचारलं, "कुठलं क्लिनिक?"

"क्लिनिक नाही. मी फोटो काढते."

"एक्स-रे?"

"माणसांचे."

तो हसला. "मावशी, डॉक्टरचं लेटरहेड लागेल ना. आमच्याकडे पप्पांच्या वेळेपासून तसंच चालतं."

सुयोगने लगेच मोबाइल काढला. "माझा एक मित्र डेंटिस्ट आहे. व्हॉट्सअॅपवर मागवतो, पाच मिनिटांत येईल."

"ठेव तो फोन."

"आई, एक कागद आहे गं. कोण बघायला बसलंय?"

"मी बसलंय. दाताच्या डॉक्टराच्या नावावर मी फोटो काढू? माका नको." राग आला की तिची मालवणी वर येते.

धवलने आवाज खाली आणला. "मग असं करा, कॅश द्या. बिल नको, नाव नको. तुम्ही पण खूश, मी पण खूश."

सुयोगचा हात खिशाकडे गेलासुद्धा. मावशीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. "बिल पायजे. माझ्या नावाचं. मला घाई नाही."

"आई, इथे धरणं धरणार आहेस का?"

"युनियनमध्ये सवय होती. तू जा, चहा पिऊन ये."

सुयोग गेला नाही, घड्याळ बघत उभा राहिला. ती बसून दुकान न्याहाळत राहिली. तिच्यादेखत दोन गिऱ्हाइकं आली, दोघांनीही कॉम्प्युटरवरचे एक्स-रे भरून द्यायच्या सीडींची पाकिटं नेली. फिल्मकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती उठली, फिल्मच्या वरच्या खोक्यावरून बोट फिरवलं आणि धुळीने काळं झालेलं बोट धवलसमोर धरलं.

"हे कुणाच्या लेटरहेडवर जातं?"

"गावाकडचे डॉक्टर नेतात थोडं थोडं," धवल म्हणाला. "इकडे आता कोण घेतंय."

"आणि गावाकडच्यांनी बंद केलं की? मी पैसे घेऊन समोर बसलंय नि तू मला माझं नाव लपवायला सांगतोस. कंपनीला फोन लाव. विचार, मला का नाही. स्पीकरवर लाव."

सुटका व्हावी म्हणून असेल, त्याने लावला. पलीकडचा माणूस काहीतरी खात होता. त्याला प्रश्न दोनदा सांगावा लागला. "अहो, कोरी फिल्म आहे ती, औषध थोडीच आहे," तो म्हणाला. "कुणालाही द्या. लेटरहेडचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

फोन ठेवून धवलने कॉम्प्युटर पुढे ओढला.

"नाव?"

"सुहासिनी तोरसकर."

"पुढे डॉक्टर लावू का? सिस्टिममध्ये तो कॉलम भरावा लागतो."

"फोटोग्राफर लाव."

त्याने टाइप केलं. ती काउंटरच्या आत गेली, चष्मा वर करून स्क्रीनवर सगळं वाचलं, आणि मान हलवली. सुयोग बाजूला उभा राहून ते बघत होता. त्याने या वेळी घड्याळ पाहिलं नाही.

बिल हातात देताना धवल म्हणाला, "खरं सांगू मावशी? ही साइज पण बंद होणार असं ऐकतोय. पुढच्या वर्षी मिळेल की नाही, गॅरंटी नाही."

"तारीख कधीची आहे खोक्यांवर?"

"अजून दीड वर्ष आहे."

"मग मागची दोन खोकीही काढ. बिल वाढव."

"आई," सुयोग म्हणाला, "घरात ठेवणार कुठे एवढं?"

"तुझ्या कपाटात. शर्ट किती लागतात तुला? चल, उचल."