आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करतोय

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. नवरा होता तोवर त्यालाही सांगितली नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. आणि प्रार्थनेत म्हणाल तर — तिथेही मी ती अर्धीच सांगते. उरलेली अर्धी देवाला माहीत आहेच, मग कशाला बोला, अशी पळवाट काढते. तुम्हाला पूर्ण सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

मी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाले तरी पनवेलमध्ये सगळे मला बाईच म्हणतात. आमचं घराणं मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. तीन पिढ्या — हे मी लोकांना कितीदा ऐकवलं असेल! जणू प्रभूने आमच्या आजोबांना विचारूनच मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन केली होती. महिला मंडळाची अध्यक्षा मीच. कोण आजारी, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं आधी माझ्या कानावर येतं.

दर्शना आमच्यात नवी होती. उरणजवळच्या मोरा बंदराची, कोळ्यांची मुलगी. तिशी उलटलेली, हॉस्पिटलात नर्स. तिने बाप्तिस्मा घेतला आणि घरच्यांनी दार लावून घेतलं. सुकापूरला एका खोलीत एकटी राहायची. तिचं लग्न जमलं तर मंडळीतूनच जमणार होतं. तिच्या बाजूने विचारपूस करणारं कुणी उरलंच नव्हतं. हे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना एवढं विसरू नका — मला ठाऊक होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. सगळे पुढे जाऊन भाकर घेतात, द्राक्षारसाच्या पेल्याला ओठ लावतात. एका रविवारी सगळे उठले आणि दर्शना बाकावरच बसून राहिली. मान खाली. पुढच्या महिन्यातही तेच. ज्याच्या मनाला काही खुपतंय तो मेजापाशी येत नाही; ते त्याचं आणि देवाचं. आपण विचारायचं नसतं, वाट पाहायची असते. मी पाहिली का वाट? छे! एकटी राहणारी बाई, रात्रपाळीची नोकरी, आणि आता पेला नको — मी बसल्या जागी निकाल लावून टाकला. पोरीचं पाऊल वाकडं पडलंय.

आमच्यात चहाड्या करत नाहीत, चहाडी पाप आहे. आम्ही प्रार्थनेचे विषय देतो. बायकांच्या प्रार्थनेत मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, आमच्या एका बहिणीचं पाऊल घसरतंय, तिला सावर. नाव घेतलं नाही. नाव कशाला हवं? दर्शनाची त्या दिवशी ड्युटी होती आणि सतरंजीवर तिचीच तेवढी जागा रिकामी होती. आठवडाभरात बायका तिच्याशी जपून बोलू लागल्या.

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. उतावळेपणा झाला, गैरसमज झाला. माणसाच्या हातून होतो. गैरसमज — किती मऊ शब्द आहे ना? इतकी वर्षं मी त्याच्यावर डोकं टेकून झोपले आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे.

एका संध्याकाळी दर्शना माझ्या घरी आली. खुर्ची दिली तर बसेना. हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचा मना जाम राग आला व्हता. तो मनात घेऊन पेल्याला हात कसा लावू? म्हनून मी येत नव्हते. आज काढून टाकलाय. तुमी पन मना माफ करा."

राग? माझा? कशाबद्दल? मला खरोखरच आठवेना. तिनेच आठवण करून दिली. मंडळीच्या जेवणाला तिने ओल्या बोंबलांचं कालवण करून आणलं होतं. मी तो टोप बाहेर, चपलांपाशी ठेवायला लावला होता. आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं की कोळीवाडा जरा घरी ठेवून येत जा. सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते. आणि विसरले होते.

म्हणजे पाप कुठलं? काही नव्हतंच. शास्त्रात सांगितलंय की आधी समेट कर, मग वेदीपाशी ये. तीन पिढ्यांच्या आम्ही ते पाठ केलं होतं, आणि ही कालची मुलगी ते पाळत होती. दोन महिने ती मनातल्या रागाशी झगडत होती, आणि तेवढ्यात मी तिला बदनाम करून मोकळी झाले होते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चांगली केली, मला ते येतं. ती रडली, हसली, चहा प्यायली. जाताना दारात थांबली, लाजली. नगरकडचा एक शिक्षक, बायको वारलेला, त्याने तिला पसंत केलं होतं. तिलाही तो आवडला होता. "त्यांच्या बहिनीचा तुमाला फोन येल, बाई. पाळकसाहेबांनी तुमचाच नंबर दिलाय."

ती गेली. मी कपबशा विसळायला घेतल्या, आणि विसळता विसळता माझं डोकं तापत गेलं. माझ्यावर राग धरणारी ही कोण? आणि — हे जास्त झोंबलं — मला माफ करणारी ही कोण? मंडळात मी काय सांगायचं? की मी चुकले? की दोष तिच्यात नव्हता, माझ्या जिभेत होता?

त्याच आठवड्यात फोन आला. त्या शिक्षकाची थोरली बहीण. बोलणं मोठं आदबशीर. मुलगी कशी आहे, म्हणाली, ताई, मोकळेपणाने सांगा. मी लगेच बोलले नाही. ती गप्प राहण्याची वेळ मी मुद्दाम लांबवली. मग म्हटलं, "आम्ही सगळ्या जणी तिच्यासाठी प्रार्थना करतोय. तुम्हीही करा."

बस. यात खोटं काय आहे? एक शब्द दाखवा. साप मरे आणि काठी न तुटे, तसं झालं. पलीकडून सुस्कारा आला. "कळलं, ताई. देवाने वेळेवर सावध केलं." आणि मी म्हटलं — आमेन.

हा गैरसमज नव्हता. घाई तर मुळीच नव्हती. ती निर्दोष आहे हे तिच्याच तोंडून ऐकून, चार दिवस नीट विचार करून मी ते वाक्य बोलले. आणि सांगू? फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

स्थळाकडून नकार आला. कारण त्यांनी सांगितलं नाही. दर्शना धावत आली ती माझ्याकडेच. तिला दुसरं होतं कोण? कुणी काही सांगितलं असेल का, बाई, असं विचारत होती. मी तिला जवळ घेतलं. धीर धर, म्हटलं. देवाच्या वेळेची वाट पाहा. आणि कुणाबद्दल घाईने मन कलुषित करून घेऊ नकोस, ते पाप असतं. तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. त्यानंतर तिने कुणालाही विचारलं नाही. दुसरं स्थळही आलं नाही. नगरपर्यंत बातमी पोचली होती.

गेल्या वर्षी महिला मंडळात 'दोष काढू नका' या विषयावर मी बोलले. पेल्याचा प्रसंग सांगितला, मला कसा गैरसमज झाला ते सांगितलं, फोनचं सांगितलं नाही. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंची नम्रता बघा, म्हणाल्या. दर्शनाने उठून मला मिठी मारली. मी मारू दिली.

आता माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ड्युटीवरून सुटली की दर्शना येते, भात टाकते, डोळ्यांत औषध घालते. तिचं लग्न झालं असतं तर माझं कोण करणार होतं? हा विचारही माझ्या मनात येऊन गेला आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

परवा माझी मान मागे टेकवून तिने एका डोळ्यात थेंब टाकला आणि अचानक विचारलं, "बाई, ते का नाय म्हनाले असतील वो?"

मी म्हटलं, "देवालाच ठाऊक."

"ते बी खरं," ती म्हणाली, आणि दुसरी पापणी अलगद वर उचलली.