कुटुंबाचं एक मत

विभावरी पाटणकर दुबईतल्या ऊद मेथा भागात एका भारतीय शाळेत इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या मताधिकाराच्या लढ्याला पुस्तकात जेमतेम दोन परिच्छेद आहेत, पण बाई त्यावर तासच्या तास घालवतात. वॉशिंग्टनमधला १९१३ सालचा बायकांचा मोर्चा, त्यात काळ्या बायकांना ‘तुम्ही मागून चाला’ म्हणणाऱ्या गोऱ्या पुढारणी, मग १९२०चा कायदा, आणि तो झाल्यावरही दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मतपेटीपर्यंत पोचायला १९६५ कसं उजाडावं लागलं ते. त्या पुढारणींच्या नावाने बोटं मोडताना बाईंचा आवाज असा चढतो की शेजारच्या वर्गाला फुकटात इतिहास ऐकू जातो. एकुलती एक मुलगी ओवी अटलांटाला शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. तिला तिथे मत नाही, तरी निवडणुकीच्या दिवशी ती म्हाताऱ्या काळ्या बायकांना केंद्रावर न्यायला आपली गाडी काढते. हे खूळ आईकडूनच आलेलं.

आणि एवढं सगळं असून बाईंनी आमच्या मराठी मंडळात आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. आता बोला!

मंडळाचा नियमच तसा. एका कुटुंबाचं एक मत, आणि ते ज्याच्या व्हिसावर घर आहे त्याने द्यायचं. दुबईत एकाच्या नोकरीवर सगळं कुटुंब राहतं. त्याचा व्हिसा गेला की सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. इथे राहून राहून आमची डोकीही तशीच चालायला लागतात. व्हिसा ज्याचा, तोंड त्याचं. त्यामुळे वार्षिक सभेत नवरे पुढे बसून हात वर करायचे आणि बायका मागे बसून मसालेभात गरम आहे ना ते बघायच्या. विभावरीच्या घरचा हात तिच्या नवऱ्याचा, राजनचा.

राजन गेल्या वर्षी हृदयविकाराने गेला. अल मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये विभावरी एकटी उरली. भाजी अजूनही दोघांची होते आणि दुसऱ्या दिवशी तीच खावी लागते. शाळेत ती ‘मॅम’, वॉचमनला ‘मॅडम’. विभावरी म्हणून हाक मारणारी माणसं उरली ती फक्त मंडळात. त्याच मंडळाचा एके दिवशी मेसेज आला, की कुटुंब-सभासदत्व संपलं असून यापुढे आपण ‘सहयोगी सभासद’. म्हणजे यायचं, जेवायचं, मत मात्र नाही. तिला ते फार लागलं. नवऱ्याबरोबर आपणही पुसले गेलो असं तिला वाटलं. तिने उलट कळवलं, की प्रत्येक सज्ञान सभासदाला, म्हणजे बाईलाही, स्वतंत्र मत द्या. मी सभेत ठराव मांडणार.

आता एक गोष्ट, जी मंडळात कुणालाच ठाऊक नव्हती. ओवी नुकतीच अमेरिकेला गेली होती तेव्हा राजनची कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळेना. व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा विभावरीने त्याला आपल्या, शाळेच्या, व्हिसावर घेतलं. तो जगाला ‘कन्सल्टन्सी करतो’ म्हणून सांगायचा. त्याने तिच्याकडे एकच मागितलं होतं, हे कुणाला कळू देऊ नकोस, ओवीलाही. तिने ते पाळलं. सभेत तो हात वर करायचा आणि ती मागे बसून बघायची.

रविवारी दुपारी सभा भरली. विभावरी बोलायला उभी राहिली. मोर्चापासून १९६५पर्यंत सगळं तोंडपाठ होतं, पण अध्यक्ष अनिल कारखानीस यांनी पहिल्याच वाक्याला अडवलं.

"विभावरीताई, इतकी वर्षं राजनच्या व्हिसावर आरामात होतात, तेव्हा कधी कम्प्लेंट नव्हती. आता एकदम काय रिव्होल्यूशन?"

हॉल हसला. मागच्या बायकाही हसल्या. बाईंचा तोल गेला तो त्या हसण्याने.

"राजन माझ्या व्हिसावर होता," ती म्हणाली. "शेवटची सात वर्षं."

कुणाला कुठे बघावं कळेना. अनिलराव तसे वाईट गृहस्थ नाहीत. ते घाईघाईने सावरायला गेले. "ओके, ओके. मग बाय रूल मत तुमचंच होतं की! स्पेशल केस म्हणून तुम्हाला देऊन टाकू. खलास."

"आणि ह्या मागच्या सगळ्या?"

"त्यांचं नेक्स्ट इयर बघू ना, इन्शाल्ला."

मागून अनिलरावांच्या बायकोने, वासंतीने, डोळ्यांनी खूण केली, घेऊन टाक. घेता आलं असतं. पण जिने वर्षानुवर्षं त्या गोऱ्या पुढारणींना झोडपलं, तिने आता मागच्यांना सोडून पुढच्या रांगेत कसं बसावं? "मग मलाही नको," ती म्हणाली. ठराव मताला टाकला. पुढच्या रांगांतून एकही हात वर आला नाही, आणि मागच्यांच्या हातांना किंमत नव्हती.

लिफ्टपाशी वासंतीने गाठलं. "तुझं तत्त्व वगैरे ठीक आहे गं. पण गेलेल्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडायचं? राजनभावजी किती मानी होते."

विभावरीच्याही मनात तेच चाललं होतं. मत मिळालं नाही ते नाहीच, वर राजनला दिलेला शब्दही गेला. त्याची माफी मागावी, तर कुणाजवळ? घरी चालत येताना तिला इतकं एकटं वाटलं, जितकं तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर भरलेलं होतं.

निदान ओवीला आपल्या तोंडून कळावं म्हणून तिने घरी येताच फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"काव्याने मेसेज केला," ओवीच आधी बोलली. काव्या वासंतीची मुलगी. "इज इट ट्रू? डॅड वॉज ऑन युअर व्हिसा?"

"हो गं. तुला सांगू नको म्हणाला होता."

"अँड माय कॉलेज? फीज कोण भरत होतं?"

"माझ्याच पगारातून जायची."

ओवी म्हणाली, "आय थँक्ड हिम, आई. एव्हरी सेमिस्टर. स्पीकरवर. यू वेअर राइट देअर इन द रूम."

"हो," विभावरी म्हणाली. "तिथेच होते मी."