भाटव्यांचा बेहडा

‘सहज’ हा शब्द ऐकला की ज्याच्या अंगाला खाज सुटते असा माणूस साऱ्या झाडीपट्टीत एकच जन्मला, आणि तो नेमका माझ्या मोठ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. सौंदड स्टेशनावर उतरून पायी जायच्या एका गावात आमच्या भाटव्यांची धानाची शेती होती. अंगाने किडकिडीत, डोक्याला कायम अर्धवट सुटलेला फेटा, आणि पाय असे की एका जागी उभे राहिले तरी चालत असल्यासारखे वाटावेत. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा हलत असे. जगात कारणाशिवाय काही घडत नाही, नशीब म्हणून काही नसतं, आणि जे घडतं ते आधीच ठरल्याप्रमाणे, एकाच्या धक्क्याने दुसरं, असंच घडतं, हे त्यांचं ठाम मत होतं. मत असायला हरकत नाही. पण भाटवे ते मत घेऊन गावभर हिंडत, आणि कोणालाही धड बसू देत नसत.

कोणाला ठेच लागली तर लोक ‘अरे अरे’ म्हणतात. भाटवे तो दगड उचलून बघत. तो इथला की बाहेरचा, बाहेरचा असेल तर कोणाच्या बंडीतून पडला, बंडी एका अंगाला का कलली होती, आणि कलली तर चाकाची धाव कोणत्या लोहाराने बसवली, इथपर्यंत चौकशी जाई. ठेच लागलेला माणूस तोवर लंगडत घरी पोचलेला असे. पत्ते खेळायला त्यांना कोणी घेत नसे. ते पिसणाऱ्याच्या हाताकडे टक लावून बसत आणि म्हणत, “कितीही पिस गा, तुह्या हातानं जसं पडाचं तसंच पडून रायलं.” अशाने खेळणाऱ्यांची मजा जाते, हे त्यांच्या लक्षातच येत नसे.

एकदा त्यांना एका लग्नाला जायचं होतं. छोट्या लायनीची गाडी काही येईना. स्टेशनमास्तर परमुलखातला, हिंदी बोलणारा. तो म्हणाला, “अरे भाई, लेट है तो लेट है!” भाटव्यांना हे उत्तर पटणं शक्यच नव्हतं. “लेट आहे जी, पर काऊन लेट आहे?” असं विचारून विचारून त्यांनी त्याला इतकं भंडावलं, की त्याने तारेवरून पुढच्या स्टेशनाला विचारलं आणि चिडून सांगितलं, “भैंस बैठी है पटरी पर!” एवढ्यावर कोणीही गप्प झाला असता. भाटवे गाडी आल्यावर तीत बसलेच नाहीत, रुळाच्या कडेकडेने म्हशीच्या मालकाकडे निघाले. तो बिचारा म्हणाला, “तिले बसावंसं वाटलं, बसली.” हेही उत्तर अपुरंच. शेवटी असं निघालं, की म्हशी ज्या डबक्यात लोळायच्या तिथली माती कोणीतरी विटांसाठी उकरून नेली होती, आणि जागा गेलेली म्हैस रुळावर येऊन बसली होती. संध्याकाळी घरी येऊन ते विजयी मुद्रेने बहिणीला म्हणाले, “पायलं? विटा!” बहीण म्हणाली, “लग्न कसं झालं?” लग्नाचं ते विसरूनच गेले होते.

मी आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला. नागपूरला राहून बी.एस्सी. झालो, गोंदियाच्या शाळेत मास्तर झालो. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या वडिलांना सही करता येत नव्हती. कॉलेजात आमचे प्रोफेसर शिकवायचे, की विश्वातली प्रत्येक वस्तू या घडीला कुठे आहे आणि कुठे चालली आहे एवढं कळलं, तर पुढचं सारं आधीच सांगता येईल. सुट्टीत मी हे भाटव्यांना सांगितलं. ते औत सोडून धुऱ्यावर आले, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मग बैलांना पाणी पाजायचंही विसरले. त्या दिवसापासून कुठेही वाद निघाला की ते म्हणत, “माह्या साळ्याले विचारा. बीएस्सी आहे तो. सरकारी शाई लागली आहे त्याच्या कागदाले.”

पुढे दोन-चार वर्षांनी नव्या पुस्तकांत मी निराळंच वाचलं. अणूच्या पोटात काही गोष्टी केव्हा घडतील ते कोणालाच सांगता येत नाही, त्याला कारणच नाही, असं म्हणणारे मोठे शास्त्रज्ञ निघाले होते. वाचून मी स्वतःच अस्वस्थ झालो, कारण जिच्यावर पाय रोवून उभा होतो ती फरशीच हलत होती. भाटव्यांना सांगितलं, तेव्हा ते अंगणात येरझारा घालू लागले. बऱ्याच वेळाने थांबून म्हणाले, “बाबू, त्यायले कारण सापडलं नाई, असं म्हण. नाई आहे असं म्हणू नोको.” आणि पुन्हा चालू लागले. शंकरपटात त्यांनी सांगितलेली बैलजोडी हरली तरी ते हेच म्हणत. “हिशोब बरोबर होता. एक गोष्ट मले मालूम नोती, बस. नशीब म्हंजे काय गा? आपल्याले मालूम नसते ते.”

हे सारं हसण्यावारी जात होतं. मग ते वर्ष आलं. धान गर्भात असताना पाऊस पाठ फिरवून गेला.

त्या गावात जुना तलाव आहे, आणि त्याच्या पाटावर साऱ्यांची शेती. पाणी भरपूर असेल तेव्हा कोणी काही बोलत नाही. तुटीच्या वर्षी मात्र पाळी लागते, आणि पाळी ठरवायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. प्रत्येक शेतकरी मुठीत मावेल अशी आपली एक खूण आणतो. कोणी सुपारी, कोणी चिंचोका, कोणी कवडी, कोणी गुळगुळीत गोटा. साऱ्या खुणा एका मडक्यात टाकायच्या, मडकं खूप हलवायचं, आणि तलावाखाली जिची वीतभरही जमीन नाही अशा एखाद्या म्हातारीने डोळे मिटून एकेक खूण काढायची. ज्याची खूण आधी, त्याला पाणी आधी. भाटव्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाटाच्या अगदी शेपटाला होती. पहिल्या पाळ्यांत नंबर लागला तर वर्षाचं खाणं होतं, शेवटी लागला तर गवत.

मी नेमका तेव्हा गावी गेलो होतो. बघतो तर भाटवे ओट्यावर मडकं घेऊन बसलेले. चिंचोके, सुपाऱ्या, गोटे आत टाकायचे, गदगदा हलवायचं, वाकून बघायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं.

“काय चाललंय, भाटवे?”

“पाय, बाबू. हलवलं का लहान लहान खाली घसरून रायले. मोठा तो वरच. दर खेपेले वरच!” त्यांचे डोळे चमकत होते. “मी बेहडा टाकतो. जंगलातला सगळ्यात जाडा.”

बहीण चुलीपाशी होती. तिला आम्ही बाई म्हणतो. ती तिथूनच म्हणाली, “टाका ना मंग. मुठीत मावते ना? कोणाचं काय घेतलं? पर तोंड बंद ठेवा म्हंजे झालं.”

देवळापुढे गाव जमलं. पंचांमधले म्हातारे पाटील मध्ये बसले, बायका एका बाजूला. मडकं हलवलं, म्हातारीने डोळे मिटून हात घातला आणि पहिल्याच खेपेला भाटव्यांचा बेहडा बाहेर आला. मी बाईकडे पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं, पण डोळे ओले झालेले मला दिसले.

“वा गा! नशीब काढलं!” एकजण ओरडला.

भाटव्यांचा गुडघा हलू लागला. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

“शेपटाले शेती, पर नशीब पाय कसं डोक्यावर!” दुसरा म्हणाला.

त्यांनी फेटा सोडला, पुन्हा बांधला. मी कानात म्हटलं, “भाटवे, बसून राहा.”

तेवढ्यात शेजारचा एक म्हातारा अगदी मायेने म्हणाला, “नशीबवान आहेस, बाप्पा. देवच पावला तुले.”

झालं. भाटवे ताडकन उठले. “कायचं नशीब? कायले देवाले मधात आणता? मी घरी करून पाहून रायलो ना! मोठी खूण वरच येते. बेहडा निघणारच होता!” आणि कोणी विचारलं नसताना त्यांनी मडकं ओढून घेतलं, बेहडा पुन्हा आत टाकला, गदगदा हलवलं आणि साऱ्यांना वाकून बघायला लावलं. बेहडा वर बसला होता, राजासारखा.

पाटील म्हणाले, “असं होय? तुले आधीच मालूम होतं, तं आमी इथं कायले बसलो गा?”

मग जो गलका झाला तो विचारू नका. कोणी लबाड म्हणालं, कोणी याहून वाईट. पंचांनी ठरवलं, की सगळ्यांनी सारख्या सुपाऱ्या खुणा करून आणायच्या, खुणा पुन्हा काढायच्या, आणि भाटव्यांची पाळी सगळ्यांत शेवटी. सगळ्यात कमाल म्हणजे भाटव्यांना हा निकाल पसंत पडला. “हे बरोबर आहे,” ते म्हणाले, “आन्‌ हलवू नोका, हातानं ढवळा.” त्या गावात तेव्हापासून मडकं ढवळतात. बाई मात्र निकाल ऐकायला थांबलीच नव्हती. बायकांतली तिची जागा रिकामी होती.

पुढचं मी सुट्टीत गेलो तेव्हा पाहिलं. शेवटची पाळी येईतो तलावाचं पाणी पाटाच्या दाराच्या खाली गेलं होतं. पाटाने आली ती नुसती ओल. वरच्या बांध्या कशाबशा तगल्या, खालच्यांमध्ये लोंब्या पांढऱ्या पडून उभ्या होत्या, आत दाणा नाही. आणि बाईने भाटव्यांशी बोलणं टाकलं होतं. त्यांना काही सांगायचं असलं की ती बैलाला सांगे. “जेवण झालं म्हणा त्यायले.” भाटवे बैलालाच उत्तर देत. “येतो म्हणा.” मी हसलो, पण दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धान कापायला गेलो. भाटवे या बांधीतून त्या बांधीत, तिथून पाटावर, पुन्हा परत, असे फिरत होते. लोंबी चोळून बघायचे, टाकायचे. त्यांचे गाल आत गेले होते. बाई कापता कापता थांबली, विळा हातातच होता. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाली, “तुह्या भाटव्याले विचार. नशीब नाई ना दुनियेत? मंग मी या घरात कशी आली?”

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. भाटवे निघाले होते दुसरीच मुलगी बघायला, दुसऱ्या गावी. आमच्या दारासमोर बंडीचा आस मोडला. बाईने पाणी दिलं. पुढच्या गावची माणसं वाट बघून बघून रागावली, आणि हे इकडेच राहिले. मी मनात म्हटलं, आता आसाचं लाकूड निघणार, मग ते कोणत्या झाडाचं, कोणत्या सुताराने तासलं, सुतार त्या दिवशी काय खाऊन आला होता, सारं निघणार. बिचाऱ्या बाईने फार चुकीचा प्रश्न विचारला.

भाटवे धुऱ्यावर बसले. उठले. पुन्हा बसले. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“ते मी तपासून पायलं नाई,” ते म्हणाले.

“काऊन?” बाई थेट त्यांनाच विचारत होती.

“म्हशीचं पायलं, गाडीचं पायलं, मडक्याचं पायलं. त्या आसाले मी हातच नाई लावला कधी.” ते जमिनीकडे बघत होते. “एक एक कारण उकलत गेलो आन्‌ मधात कुठं असं निघालं, का हे होणार नोतं, उगाच होऊन गेलं, तं? भेव वाटते वं मले.”

वारा सुटला होता. त्या पोकळ लोंब्या एकमेकींवर घासून कोरड्या वाजत होत्या. बाईने पदर तोंडावरून फिरवला. तिने डोळे पुसले की घाम, ते मला कळलं नाही.

“एवढं बोलाचं होतं तं त्या दिवशी देवळापुढं गप्प बसता नोतं आलं?” ती म्हणाली. आवाज चिडका होता, पण बैल दूर झाडाखाली बांधलेला होता. “विळा घ्या. उभे काय रायले? दाणा असो नसो, तनीस तर होईल जनावराले.”

भाटव्यांनी विळा घेतला आणि तिच्या शेजारच्या ओळीला वाकले. ती थोडी पुढे गेली की तिचा हात हळू पडे, ते पुढे गेले की त्यांचा. माझी परतीची गाडी होती, उठायला हवं होतं. ऊन उतरत चाललं होतं तरी मी धुऱ्यावर बसूनच राहिलो. त्या दोन वाकलेल्या पाठी पांढऱ्या धानातून हळूहळू दूर सरकत होत्या, आणि मला तिथून हलवेना.