आरशाला बांधलेला टॉवेल

या सदरात लिहिणारे बहुतेक जण ‘माझा यावर विश्वास नव्हता’ असंच सुरू करतात. माझंही तसंच आहे, फक्त जरा जास्त उद्धट. सोलापुरातल्या एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर मी बरीच वर्षं काम केलं. तालुक्यांचे वार्ताहर अधूनमधून अशा बातम्या पाठवायचे – विहिरीतून येणारा आवाज, बंद शाळेतली घंटा. मी त्या मोठ्यानं वाचून दाखवायचे, सगळे हसायचे, आणि त्या जागी बाजारभाव लागायचे. खाली जे लिहिते आहे ते तेव्हा माझ्या टेबलावर आलं असतं, तर त्याचंही तेच झालं असतं.

सोलापूरहून विजयपूरकडे जाताना, मंद्रूप मागे टाकून भीमेच्या पुलाकडे निघालं की डाव्या हाताला मलकण्णाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाण्याचा हौद आणि मोठ्या चिंचेखाली टाकलेल्या बाजा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, लसणाचा ठेचा. मलकण्णाची बायको गंगव्वा चुलीपुढे, मलकण्णा, ड्रायव्हरांचा अण्णा, बाहेर.

जेवण तर त्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी मिळायचं. ड्रायव्हर मलकण्णाकडे थांबायचे ते झोपण्यासाठी. रात्रभर माल भरून निघालेला माणूस दुपारी केबिनमध्ये आडवा व्हायचा. त्याआधी आपला टॉवेल आपल्या बाजूच्या आरशाला गाठ मारून बांधायचा. गाठ म्हणजे ‘मला उठव’. ऊन चिंचेच्या पलीकडे उतरलं की मलकण्णा बाभळीचं दांडकं घेऊन निघायचा. ज्या गाडीला गाठ, तिच्या पुढच्या टायरवर दोन ठोके, जरा थांबून तिसरा. मग हाक – “एळप्पा, ऊन उतरलं.” एळप्पा म्हणजे ऊठ बाबा. अर्धा मुलूख कानडी, त्यामुळे हे कुणाला सांगावं लागत नसे. आणि आरशाला गाठ नसेल, तर मलकण्णा त्या गाडीजवळून आवाज न करता पुढे जायचा.

हे सगळं मला माहीत आहे ते माझ्या मोठ्या भावामुळे. महादेव, म्हणजे आमचा दादा, दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. सोलापूरच्या बाजारातून कांदा भरायचा आणि हुबळीकडे न्यायचा. ऐन उमेदीतल्या कितीतरी दुपारी त्यानं त्या चिंचेखाली काढल्या.

रस्ता रुंद झाला तेव्हा हॉटेल गेलं. हौद, छप्पर, चिंच, सगळं दोन दिवसांत सपाट. कागदावर ते अतिक्रमण होतं. तिथे जेवलेल्या शेकडो ड्रायव्हरांपैकी त्या दिवशी एकही थांबला नाही. धूळ फार होती म्हणून काचा वर करून गेले, असं दादानंच सांगितलं. त्यात त्याचीही गाडी होती. पुढे मलकण्णाला अर्धांगवायू झाला आणि तो मुलाकडे सोलापुरात आला, एवढं ऐकिवात होतं. भेटायला कुणी गेलं नव्हतं. आम्हीही नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दादा कांदा भरून निघाला. आदली रात्र जागून काढलेली. मंद्रूप गेल्यावर डोळे मिटायला लागले, म्हणून त्यानं गाडी बाजूला घेतली. हॉटेलच्या जागी आता मुरमाची एक रुंद पट्टी आहे, सावली नाही. तिथे आधीच एक ट्रक उभा होता, तमिळनाडू पासिंगचा. दादानं आपला ट्रक त्याच्या पुढे लावला. मोबाइलवर गजर लावला. आणि जुन्या सवयीनं, काही विचार न करता, टॉवेल आरशाला बांधला.

त्यानंतरचं त्यानं मला घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोपर्यंत तो जेवत नव्हता आणि बोलतही नव्हता.

“सुमे, टायरवर ठोका पडला. दोन. मग एक. मी झोपंतच म्हणलो, उठलो अण्णा. आन् किल्ली फिरवली की.”

तो जागा झाला तो गाडी रस्त्यावर घेताना. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गजर वाजलेला नाही, ऊन अजून डोक्यावर आहे, आणि हितं मलकण्णा कुठला? मागचा ट्रक आरशात दिसत होता. खिडकीतून त्या ड्रायव्हरचे दोन्ही पाय बाहेर आलेले होते, तळवे उन्हात. निघता निघता त्याला हॉर्न द्यावा असं दादाच्या मनात आलं. मग वाटलं, झोपू दे की बिचाऱ्याला.

तो जेमतेम पुढच्या वळणापर्यंत पोचला असेल. मागून येणाऱ्या एका कंटेनरचं टायर फुटलं आणि तो सरळ मुरमाच्या पट्टीवर चढला. दादा आवाज ऐकून थांबला, धावत मागे गेला. दादाचा ट्रक जिथे उभा होता त्या जागेवर तमिळनाडूचा ट्रक ढकलला गेला होता आणि मागचा माल पुढे येऊन त्याची केबिन राहिली नव्हती. माणसं जमली, पत्रा कापायला सुरुवात झाली, आणि त्या गर्दीत दादाच्या खिशात गजर वाजला.

आता माझं काम. मी दादाला त्याच संध्याकाळी नव्हे, पण त्या आठवड्यात, नेहमीचे प्रश्न विचारले. ठोका म्हणजे गरम झालेल्या इंजिनाचा आवाज असेल. कुणी हवा तपासायला टायरवर मारलं असेल. जुन्या जागेवर जुनं स्वप्न पडलं असेल. दादा कशालाच नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, “आसंल की. पण मग जागा करनाऱ्यानं मला एकट्यालाच का जागा केलं?”

मी त्या जागेवर जाऊन आले. रस्त्यापलीकडे एक धनगर मेंढ्या चारत होता, त्या दुपारीही तो तिथेच होता. मला वाटलं, काठी याची असणार. मी तसं विचारलं. त्यानं मान हलवली.

“मी ह्या अंगाला हुतो, बाई. गाड्यांपाशी कुनी न्हवतं. ती पुढची गाडी आपली आपन सुरू झाली आन् गेली. आमाला वाटलं, नशीबवान हाय.”

दादानं ट्रकवर बसणं सोडलं होतं. मालकानं थोडे दिवस वाट पाहिली, मग दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणून निरोप दिला. घरात दोन मुलं शिकणारी, वहिनी माझ्याकडे बघायची – तू शिकलेली आहेस, समजाव त्याला. पण दादाला समजूत नको होती. त्याला त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत तो स्टिअरिंगला हात लावणार नव्हता. मलकण्णाला भेटायचं त्यानंच काढलं. मी बरोबर गेले ते त्याची समजूत पटावी म्हणून. एक आजारी म्हातारा अंथरुणावर पडलेला बघितला की डोक्यातलं निघून जाईल, असा माझा हिशेब.

मुलाचं घर शहराच्या कडेला, वरच्या मजल्यावर एका खोलीचं. मुलगा टोलनाक्यावर कामाला. खोलीत लोखंडी खाट, खाटेवर मलकण्णा. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, डोळे छताकडे. गंगव्वानं दादाला ओळखलं, पण ‘या’ म्हणाली नाही.

“आता आटवन झाली व्हय रे म्हादेवा?”

दादानं आणलेली केळी खाली ठेवली आणि उभाच राहिला. मी सांगितलं, दादा एका अपघातातून वाचला, म्हणून अण्णांना भेटायला आलो. एवढंच. दुसऱ्या ट्रकचा, मेलेल्या माणसाचा, टॉवेलचा उल्लेख मी केला नाही, आणि दादानंही केला नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. त्या घरात पेपर येत नाही. ज्या पेपरांत बातमी आली त्यांत कंटेनर आणि तमिळनाडूचा ट्रक एवढंच होतं. पुढे आणखी एक गाडी होती आणि ती निघून गेली, हे कुठेही छापलेलं नव्हतं.

गंगव्वा बोलायला लागली ती थांबेना. रोज दुपार कलली की मलकण्णाचा डावा हात खाटेच्या नळीवर वाजायला लागतो. दोन, मग एक. डॉक्टर म्हणतात, शिरांचं आहे, होतं असं. सून वैतागते. मी विचारलं, रोज ठरलेल्या वेळीच का? ती म्हणाली, रोज. फक्त मागं एकदा लवकर सुरू झालं होतं, जेवण भरवत असताना. हाताच्या झटक्यानं ताटली उडाली, म्हणून लक्षात आहे. दिवस कोणता? बाजाराचा, सून भाजीला गेली होती... अपघाताचा वार तोच होता. माझी पत्रकारिता अजून शाबूत होती. वार जुळला म्हणजे काही सिद्ध होत नाही, असं मी मनात नोंदवलंही.

तेवढ्यात मलकण्णा बोलला. गंगव्वाच्या म्हणण्याप्रमाणे तो पाणी आणि नको याशिवाय काही बोलत नाही. शब्द फुटत नव्हते, पण तिघांनाही कळले.

“मागच्याला... गाठ न्हवती.”

दादा खाली बसला. खाटेच्या पायाशी, जमिनीवर. म्हणाला, “गाठ न्हवती म्हनून मरू दिलं व्हय, अण्णा? त्याला काय ठावं आपली गाठ? त्यो परमुलखातला.”

मलकण्णाचे डोळे पुन्हा छताकडे गेले होते. उत्तर गंगव्वानं दिलं. तिनं नवऱ्याचा लुळा उजवा हात उचलून आमच्यापुढे धरला. कोपराच्या खाली हाड वाकडं जोडलेलं होतं. वायूनं नव्हे, ते जुनं होतं.

“परमुलखातलाच हुता तो बी. गाठ न्हवती. आभाळ आलं हुतं, मालावरली ताडपत्री उगडी, म्हनून ह्यांनी आपनहून उटवलं. झोपमोड झाली म्हनून त्यानं टॉमीनं हात मोडला. टॉमी म्हाईत हाय न्हवं बाई, टायर खोलायची पहार?” मग ती दादाकडे वळली. “तवा तुमी सगळे जेवत हुता. कोन उटलं? तू उटलास?”

दादाची नजर त्या वाकड्या हाडावर होती.

“त्या दिसापासनं हे कुनाला न बोलवता उटवत न्हाईत,” ती म्हणाली आणि हात परत पांघरुणाखाली ठेवला.

आम्ही निघालो तेव्हा दुपार कललेली होती. जिना उतरताना वरून नळीचा आवाज आला. दोन. मग एक. दादानं कठड्याला धरलं, पण मागे वळला नाही.

मी यातलं काय काय नाकारू शकते ते आजही सांगेन. ठोका स्वप्नात असू शकतो. वार जुळणं योगायोग असू शकतो. आजारी माणसाच्या तोंडून तीन शब्द कसेही निघू शकतात. एकेकटं सगळं नाकारता येतं. एकत्र नाकारायला मला अजून जमलेलं नाही, आणि जमेल असं वाटत नाही. आणि मला जास्त बोचतं ते वेगळंच. ते जे काही होतं, त्याला अपघात आधी कळला होता. त्यानं एकाला उठवलं आणि दुसऱ्याच्या उघड्या तळव्यांजवळून ते पुढे गेलं – आवाज न करता, आम्हीच शिकवल्याप्रमाणे.

मलकण्णा पावसाळ्याच्या शेवटी गेला. अंत्ययात्रेला ड्रायव्हर असा दादा एकटाच होता.

दादा पुन्हा ट्रक चालवतो. निघताना इथल्या बाजारातून साधे सोलापुरी टॉवेल घेतो, गठ्ठ्यानं. रस्त्याच्या कडेला झोपलेला ट्रक दिसला की उतरतो, त्याच्या आरशाला एक टॉवेल गाठ मारून बांधतो आणि पुढे जातो. बरेच जण सोडून फेकून देतात, काही जण काच पुसतात. एकानं चोर समजून त्याची कॉलर धरली. मी त्याला एकदा सांगितलं, अण्णा आता नाहीत, बघणार कोण? त्यानं गठ्ठा उचलून केबिनमध्ये टाकला.

परवा माल उतरवून परतताना त्याचा ट्रक आमच्या घराजवळ उभा होता. जेवून तो केबिनमध्ये झोपला होता. मी चहाला हाक मारायला गेले. सीटवर नव्या टॉवेलांचा गठ्ठा होता. त्याच्या बाजूचा आरसा मोकळा होता; त्या दुपारनंतर स्वतःसाठी त्यानं गाठ मारलेली नाही.