दाजींच्या ताटातली कलेजी

माणसाची ओळख तोंडावरून न ठेवता लिव्हरवरून ठेवणारा इसम अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला: माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी. मेडिकल कॉलेजात त्यांचं संशोधन चालायचं. दारूनं खराब झालेल्या लिव्हरला बार्बिट्युरेट जातीची गुंगीची औषधं अंगाबाहेर काढायला किती वेळ लागतो, ह्या एकाच प्रश्नापायी बिचाऱ्यानं केस पांढरे केले. सोनपेठच्या बाजारातही ते मेथीकडं कमी आणि मेथीवाल्याच्या पिवळ्या डोळ्यांकडं जास्त बघायचे. वरातीत नवरदेवाचा मामा झिंगून नाचायला लागला की हळूच म्हणायचे, "ह्यांना भूल द्यायची वेळ आली तर अवघड आहे." आता सांगा, असा माणूस वरातीत न्यायचा तरी कसा?

कहर व्हायचा कंदुरीला. नवसाचा बकरा कापला की कलेजी जावयाच्या ताटात, ही आमची रीत. दाजी ती खात नसत, शिकवत. चमच्यानं उलटीपालटी करून पंगतीला सांगायचे, "हा कारखाना. गोळी मोडून बाहेर टाकतो. दारूनं हा बंद पडला की गोळी अंगातच मुक्काम ठोकते." पंगत हात आवरून बसायची, रस्सा गार व्हायचा. "चुलीत गेला तो कारखाना," आई पुटपुटायची, "जेवा की आधी!"

एका कंदुरीला हे ऐकून माझ्या चुलत्यानं, भाऊकाकांनी, खिशातून गोळी काढून दाखवली. "जावईबापू, मी तर रोजच घ्यायलोय की. घोट झाला की वरून ही. लय निवांत झोप लागायलीय." गोळी वारलेल्या काकूंची, फिट येण्यावरची, त्याच गुंगीच्या जातीची. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून काकांनी स्वतःच सुरू केलेली. दाजींचा चेहरा उतरला. "काका, दारूवर ही गोळी घेतली तर माणूस एक दिवस झोपेतून उठत नाही."

"मग बरंच की. तुमची काकू तिकडंच हाय."

दाजींनी भरलं ताट सोडलं, काकांना गाडीत घातलं आणि परभणीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही सवयी एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून तिथंच ठाण मांडून बसले. रजा संपली, बहीण चिडली, माणूस हलला नाही. "मग संशोधन कशासाठी करायलोय?" म्हणाले. आमच्या बोलीत बोललेले ते पहिल्यांदाच ऐकले.

काकांच्या दोन्ही सवयी सुटल्या. दाजी मात्र गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. यंदा कलेजी धाकट्या जावयाच्या ताटात पडली, तोच काकांनी ताट स्वतःकडं ओढलं. "थांबा जावईबापू. ह्यो कारखाना हाय," चमच्यानं कलेजी उलटवत ते म्हणाले, "ह्यात गोळीचं गाळप होतंय..." पुढचं सगळंच चुकीचं सांगत होते. पंगत हात आवरून बसली, रस्सा गार झाला. आईसुद्धा काही बोलली नाही.