पिनांची रिकामी भोकं

भांडुपला आमच्या चढावर रद्दीचं एक दुकान आहे. कॉलेजला लागणारं बरंचसं मी तिथूनच घेते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कुठलं पुस्तक नवं घ्यायला हवं आणि कुठलं जुनं चालतं, हे विचारायला कुणी नव्हतं. मग मी सरसकट जुनंच घेत गेले. एकदा कुणाच्या तरी झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा आणला आणि त्यात खाकी कव्हरची एक पातळ चित्रकथा निघाली.

चित्रं काळी-पांढरी, हातानं काढलेली. चाळीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक माणूस राहतो. पाइपाला कान लावला की खालच्या प्रत्येक घरातलं बोलणं त्याला ऐकू येतं. पाणी यायच्या वेळी तो बाहेर येऊन झाकणावर बसतो. त्यातली चाळ, जिने, मागचा डोंगर हे सगळं आमच्या भागासारखं दिसत होतं. आमच्याच भागाचं आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण मला तसं वाटलं. आपल्याकडचं काही कुणी चित्रात काढलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुस्तिकेवर काढणाऱ्याचं नाव नव्हतं, साल नव्हतं, छापखानाही नव्हता.

वर्गातला एक मित्र बोरिवलीहून येतो. त्याला असल्या गोष्टींचा भारी नाद. मी त्याला पुस्तिका दाखवली.

"कुठून उचललीस?"

"रद्दीतून."

"रद्दीतून," तो म्हणाला. "यार, हिच्यासाठी लोक रडतात आणि तुला रद्दीत मिळते. रविवारी घाटकोपरला चल."

घाटकोपरला एका काकांचे अकाउंटन्सीचे क्लास आहेत. रविवारी दुपारी वर्ग रिकामा असतो, तेव्हा तिथे हे लोक जमतात. म्हणजे अशा चित्रकथा जमवणारे, ज्या कधी दुकानात आल्याच नाहीत. काढणाऱ्यानं स्वतः काढल्या, स्वतः झेरॉक्स केल्या, पिना मारल्या आणि कॉलेजच्या कट्ट्यावर हातोहात वाटल्या. या मंडळींचं मुलुंडच्या एका वाचनालयात पुढच्या एका रविवारी छोटं प्रदर्शन लागणार होतं. त्यात फक्त पहिल्या छपाईच्या प्रती ठेवायच्या, असा त्यांचा नियम. मित्रानं माझ्या पुस्तिकेचं वर्णन फोनवर आधीच केलं होतं आणि काकांनी तिच्यासाठी टेबलावर जागा धरून ठेवली होती.

मी हे घरी सांगून टाकलं. पप्पा लिफ्टच्या देखभालीचं काम करतात, रविवारी त्यांची ड्युटी असते. ते म्हणाले, "तुझं पुस्तक लावणार ना? मग मी बदली घेतो." माझ्या कॉलेजात ते कधी आलेले नाहीत. कॉलेजात आईबापाला बोलावतात ते तक्रार असली तरच, असा त्यांचा समज आहे आणि तो फारसा चुकीचाही नाही. माझ्यामुळे ते पहिल्यांदाच कुठेतरी येणार होते.

क्लासमध्ये काकांच्या शेजारी एक ताई बसल्या होत्या. मुलुंडला राहतात, बँकेत नोकरी. जमवणाऱ्यांत त्यांचा शब्द शेवटचा असतो, हे मित्रानं जिन्यातच सांगितलं होतं. त्यांनी माझी पुस्तिका हातात घेतली. वाचली नाही. थेट मधलं पान उघडलं, पिनांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रीप्रिंट आहे."

"नीट बघ तरी," काका म्हणाले.

"बघितलं. हिला एकदाच टोचलंय."

मग त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून स्वतःची प्रत काढली. त्यांच्याकडे ती कॉलेजपासून आहे, स्वतः काढणाऱ्याच्या हातून मिळालेली. मधल्या घडीवर पिना होत्याच, पण दोन्ही पिनांच्या जरा वर रिकाम्या भोकांची एकेक जोडी होती. त्यातली एक जोडी तिरकी, घडी सोडून बाजूला गेलेली. ताईंचं म्हणणं असं की काढणारा घाईत पिना मारायचा, वाकडी बसली की काढून पुन्हा मारायचा. ही रिकामी भोकं म्हणजे त्याच्या हाताची खूण. ज्या प्रतीला ती नाहीत, ती नंतर कुणीतरी गुपचूप काढलेली.

"एका प्रतीवरून नियम काढतेस?" काका म्हणाले. "मी कागदावरून सांगतो. कागद जुना आहे."

"तुमच्या कागदाचं राहू द्या काका. मागे तुम्ही दूधवाल्याच्या कॅलेंडरला पहिली छपाई म्हणाला होतात."

"ते कॅलेंडर झकास होतं पण," मित्र म्हणाला.

काका हसले, पण ताई हसल्या नाहीत. त्यांचा राग रीप्रिंटवर नव्हता, न सांगता केलेल्या रीप्रिंटवर होता. "मागच्या पानावर एक ओळ लिहिली असती, पुन्हा छापली म्हणून, तर माझं काही म्हणणं नव्हतं. तेच खाकी कव्हर लावायचं आणि गप्प बसायचं, याला काय म्हणायचं?"

मला आमचं घर आठवलं. आमच्या घरी लोखंडी पेटीत पुस्तिका भरल्या आहेत, पप्पांनी दर डिसेंबरात दादरच्या स्टॉलवरून आणलेल्या. भाषणं, गाणी, वंदना. त्यातली कितवी छपाई कुठली, हे पप्पांनी कधी पाहिलेलं नाही. कितीतरी पुस्तिकांवर काही लिहिलेलंच नाही. एखादी फाटली की ते पुढच्या वर्षी तीच पुन्हा आणतात आणि फाटकी कुणालातरी देतात. एकाच गोष्टीकडे ताई आणि पप्पा इतक्या वेगळ्या नजरेनं बघतात, याची मला गंमत वाटत होती. तरी माझी प्रत पहिलीच निघावी, असंही वाटत होतं. मनात पप्पांनी प्रदर्शनासाठी इस्त्री करून ठेवलेला शर्ट होता.

"मी दोन्ही शेजारी ठेवून बघू का?" मी विचारलं.

ताईंनी त्यांची प्रत पुढे सरकवली. "हात पुसून घे फक्त."

चित्रांत मला फरक दिसला नाही. माझ्या प्रतीतला काळा रंग जरा जाड होता, टाकीवरच्या बारीक रेघा कुठे कुठे गेल्या होत्या. मग मी घडीकडे पाहिलं. माझ्या प्रतीत पिनांच्या वर बारीक काळे ठिपके होते. आधीही दिसले होते, पण मला ती शाई वाटली होती. बोट फिरवलं तर कागद सपाट लागला. भोकं नव्हती, भोकांचं चित्र होतं.

हे मला लगेच कळलं, कारण मी तीन वर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर अभ्यास केला आहे. आमच्या नोट्स कुणाकडून तरी आलेल्या असतात. त्यांच्या कोपऱ्यात आधीच्या पिनेची सावली असते, कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल असतो. पिना काढून पानं सुटी केली आणि काचेवर ठेवली, की भोकंसुद्धा छापली जातात.

म्हणजे माझी प्रत दुसऱ्या प्रतीवरून काढलेली होती. यात शंका राहिली नाही. तिथे हे मला एकटीलाच दिसलं होतं आणि मी क्षणभर गप्प बसले. काका अजून कागदाबद्दल बोलत होते, माझ्या बाजूनं. पण तेवढ्यात मला आणखी एक दिसलं आणि मग गप्प बसणं जमेना. माझ्या ठिपक्यांतली एक जोडी तिरकी होती. घडी सोडून बाजूला गेलेली.

"ताई, माझी रीप्रिंटच आहे," मी म्हणाले. "पण ती तुमच्या प्रतीवरून काढलीय."

"काय बोलतेस?"

मी दोन्ही मधली पानं एकावर एक धरली आणि खिडकीच्या काचेला लावली. ताईंच्या प्रतीतली रिकामी भोकं आणि माझ्या पानावरचे ठिपके जागच्या जागी बसले. तिरकी जोडीसुद्धा.

"वाट लागली," मित्र हळूच म्हणाला.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग शांतपणे हिशेब मांडल्यासारखे बोलले. "म्हणजे काढणाऱ्यानं दोनदा टोचलंच नाही. त्यानं एकदाच टोचलं, वाकडं. नंतर कुणीतरी तुझी प्रत सोडवली, झेरॉक्स काढली आणि परत सरळ पिना मारून ठेवली. तू ज्याला त्याच्या हाताची खूण म्हणत होतीस, ती चोराची आहे."

ताईंनी काचेपाशी येऊन स्वतःच्या प्रतीतली तिरकी भोकं बोटानं चाचपली. मला वाईट वाटायला लागलं. त्यांच्याकडून काही काढून घेतल्यासारखं.

"चोर नाही हो," त्या म्हणाल्या. "माझी मैत्रीण होती. इथेच, घाटकोपरला राहायची. सुट्टीभर मी तिला वाचायला दिली होती. परत आणली तेव्हा छान फोल्डरमध्ये घालून आणली. हाच तो फोल्डर. मला वाटलं, बघा किती जपते." त्यांनी माझी पुस्तिका उचलली आणि आता पहिल्यांदा पहिल्या पानापासून चाळली. "नोट्सच्या गठ्ठ्यात मिळाली म्हणालीस ना? अक्षर कसं होतं गं नोट्सचं?"

"गोल. मोठं."

"तिचं बारीक होतं," ताई म्हणाल्या. "म्हणजे आणखी कुणाकडे तरी गेलेली."

किती प्रती निघाल्या असतील, यावर काका आणि मित्र वाद घालायला लागले. मला एकच विचारायचं होतं आणि ते धीर करून विचारलं, "मग माझी लावता येणार नाही ना? म्हणजे नियम आहे, मला कळतं. फक्त घरी सांगायला हवं."

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "नियम माझाच होता. माझी लागेल तर तिच्या शेजारी हिची. दोन्ही मधल्या पानावर उघडून. नाहीतर माझीही नको."

प्रदर्शनाच्या दिवशी पप्पा आले. इस्त्रीचा शर्ट होताच. आमचं टेबल कोपऱ्यात होतं. लोक वाकून भोकं आणि ठिपके बघत होते, काका सगळ्यांना खिडकीची गोष्ट सांगत होते. पप्पांनीही वाकून पाहिलं.

"यातलं तुझं कुठलं?"

"उजवीकडचं. झेरॉक्स आहे ते, पप्पा. खरं डावीकडचं."

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हा टाकीत का बसलाय?"

मी सांगायला लागले, पण ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझी प्रत प्लास्टिकखालून काढली आणि पप्पांच्या हातात दिली. "माझी द्यायला जीव होत नाही. ही वाचा, दादा."

पप्पा भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि बोट ओलं करून पानं उलटायला लागले. ताईंनी ते बोट पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. पप्पा हळू वाचतात. ते मधल्या पानावर आले तेव्हा बरेच लोक येऊन गेले होते. पाणी आल्यावर तो माणूस झाकणावर बसतो, तिथे ते थांबले आणि गालात हसले.

शेवटचं पान वाचून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. "आमच्या कामावरचा एक जण दिवसभर टेरेसवर, लिफ्टच्या मशीनरूममध्येच असतो," ते म्हणाले. "त्याला दाखवायला पाहिजे. एक झेरॉक्स काढशील का?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

"काढ," त्या म्हणाल्या. "पण पिना सावकाश सोडव. आणि मागे काहीतरी लिही या वेळी."